तपासणाऱ्याचं नाव

"अंगठा बाजूला घे आक्का, फोटोत येतोय."

"येऊ दे. बघणाऱ्याला कळंल तरी, वही कुणाच्या हातातली हाय ती."

वैजू हसली आणि तिनं अंगठ्यासकट फोटो काढला. दुकानाच्या पायरीवर आम्ही मायलेकी बसलो होतो. माझ्या मांडीवर यांची निळ्या पुठ्ठ्याची वही, तिच्या हातात मोबाईल. मी पान उलटून दोन्ही हातांनी दाबून धरायचं आणि तिनं टिपायचं. खरसुंडीच्या नाथबाबाची यात्रा होऊन चार दिवस झाले होते, माझ्या केसांतला गुलाल अजून गेला नव्हता.

विट्यात एसटी स्टँडच्या मागं आमचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरची मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून टाकायची आणि तेवढ्याच जाडीची नवी तार, तेवढेच फेरे देऊन, परत आत बसवायची. याला मोटर भरणं म्हणतात. कुठल्या कंपनीच्या कुठल्या मोटरला किती फेरे, तार किती जाडीची, हेच या धंद्यातलं सगळं शहाणपण. ते आमच्या यांनी, तातोबा सुतारांनी, चाळीस वर्षं त्या वहीत उतरवलं होतं. तीनशे ऐंशी मोटारी. हे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

मी तिसरी शिकले. पाटी फुटली आणि शाळा सुटली. पण फर्म्यावर तार मी घालायची. फर्मा म्हणजे लाकडी साचा, त्याच्या मशीनचा दांडा फिरवला की तार गुंडाळली जाते आणि तारेची वेटोळी तयार होते, तिला कॉइल म्हणतात. मशीनला फेरे मोजायचं एक चाक असतं, ते यांनी आमच्या मशीनवरचं काढून टाकलं होतं. मी मनात मोजायची, आणि शेवटचे पाच फेरे राहिले की तोंडानं म्हणायची, "चांगभलं, चांगभलं, चांगभलं, चांगभलं, चांगभलं." नाथबाबाच्या नावानं. गिऱ्हाईक पायरीवर बसून ऐकायचं आणि म्हणायचं, हौसाक्काच्या हाताला देव हाय. मी तरी कशाला न्हाई म्हणू.

फर्म्यावर दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही मी. जुनी कॉइल तोडून मोजायचं कामही माझंच. वैजू आयटीआय झालेली, कनेक्शन, वार्निश, टेस्टिंग सगळं ती करायची. पण फर्मा माझा.

"ह्याचं करणार काय तू?" मी विचारलं.

"मोबाईलवर एक तक्ता केलाय. ऑनलाइन. मोटरचं नाव टाकलं की फेरे समोर येतात. आपल्या वाइंडर लोकांच्या ग्रूपवर लिंक टाकणार. ज्याच्याकडं जी माहिती असेल ती त्यानं भरायची."

"म्हणजे गावजेवण."

"गावजेवणच. पण पहिली पंगत आपली. तीनशे ऐंशी ओळी बाबांच्या. दुसऱ्या कुणाकडं एवढ्या आहेत?"

"समोरच्या मारुतीकडं इचार," मी मोठ्यानं म्हणाले, रस्त्यापलीकडं ऐकू जावं म्हणून. मारुती गोंदील आमच्याकडं सहा वर्षं कामाला होता. एक दिवस वही गुपचूप उतरवून घेतली आणि समोर दुकान थाटलं. पहिल्या वर्षी त्याच्या मोटारी पटापटा जळल्या, लोक म्हणाले हात कच्चा आहे. मग बसला त्याचा हात. आम्ही मात्र तीस वर्षं त्याच्याशी बोललो नाही.

वैजूनं मला तक्ता दाखवला. आडव्या रेघा, उभ्या रेघा, भुईमुगाच्या वावरागत सरळ. कंपनी, ताकद, तारेची जाडी, फेरे. शेवटी दोन रकाने होते. "हा, माहिती कुणाची. तिथं बाबांचं नाव. आणि हा, तपासलं कुणी. तिथं तुझं घालू? तीस वर्षं तूच तर भरतीस."

"घाल की. पुरं घाल. हौसाबाई तातोबा सुतार."

तिनं घातलं. मग मान वर न करता म्हणाली, "आक्का, वहीत जे आहे आणि तू जे भरतीस, ते एकच ना? काही राहिलेलं नाही ना?"

मी वही मिटली. "वही तुझ्या बापाची हाय. बापावर इस्वास न्हाई तुझा?"

"तसं नाही गं."

"मग झालं तर."

तिनं मोबाईल खाली ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "दादा काही येणार नाही पुण्याहून. दुकान मी चालवते. तू एकदा तोंडानं म्हण, वैजू चालव म्हणून."

"बघू," मी म्हणाले.

माझा थोरला मुलगा, अधिक नाव त्याचं, पुण्यात कंपनीत होता. मी त्याची वाट बघत होते. लेक म्हणजे उद्या दुसऱ्याच्या उंबऱ्यात जाणार, घरातली विद्या तिच्या ओटीत घालून कशी पाठवायची? माझ्या सासूनं पोरींना सांगितलं नव्हतं, मला सांगितलं होतं, सुनेला. मीही तेच करणार होते.

पंधरा दिवसांत त्या तक्त्याचं नाव झालं. सांगोल्याहून, जतहून, थेट बारामतीहून वैजूला फोन यायचे. बाईमाणूस या धंद्यात म्हणून आधी ग्रूपवर टिंगल करणारे आता "ताई" म्हणून विचारायला लागले. जेवताना ती मला मेसेज वाचून दाखवायची. एकदा म्हणाली, "लिहिलंय बघ, हौसाबाईंनी तपासलंय म्हणजे डोळे झाकून भरा."

मी भाकरी मोडत होते. "कालवण घे अजून," म्हणाले.

मे महिना सरत आला होता. सकाळी दहाच्या सुमारास एक पन्नाशीचा माणूस पिशवी घेऊन दुकानापुढं उभा राहिला. धोतर स्वच्छ, दाढी वाढलेली. पायरी चढला नाही.

"वैजयंताताई हितंच असतात का?"

"मीच. या की वर."

"काशिनाथ गुरव. जतच्या अलीकडं आमचं गाव. तुमच्या तक्त्यावर बघून मोटर भरली हुती मी." त्यानं पिशवीतून जळकी कॉइल काढली आणि उंबऱ्यावर ठेवली. कोळशागत काळी. जळक्या वार्निशचा वास सगळ्या दुकानात पसरला.

"गावाच्या पाण्याची मोटर हो. आधी ज्यानं काढली त्यानं जुनी तार भंगारात घातली, मोजायला कायच न्हवतं. तक्त्यावर अडतीस फेरे हुतं. मी अडतीस दिलं. सहा दिवसांत जळली. परत भरली, परत अडतीस. परत जळली." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "अकरा दिस झालं, गावात पाणी न्हाई. बायका दोन कोसांवरनं आणत्यात. पोरांनी माझ्या दुकानाची पाटी काढून हिरीत टाकली."

"मीटर लावून बघितला होता का? अँपिअर किती दाखवत होता?"

"जरा जास्त दावत हुता. पर म्हटलं, तातोबा सुतारांचं नाव हाय, हौसाबाईंनी तपासलंय, आपलाच मीटर बिघडला आसंल." तो माझ्याकडं बघून हसला, कसनुसा. "ताई, मी भांडायला न्हाई आलो. एवढंच इचारायला आलो, की माझी मोजणी चुकली का? पंचवीस वर्सं भरतोय मी. आता माझं बोटच मला खोटं वाटतंय. तुमी मोजा. चुकली आसंल तर मी धंदा सोडतो."

मी फर्म्यावर बसले होते. हातातली तार तशीच हातात.

वैजूनं त्याला पाणी दिलं. जमिनीवर मांडी घातली, कॉइल पुढ्यात घेतली आणि एकेक फेरा सुटा करत मोजायला लागली. जळकी तार मोडत होती, तुकडे पडत होते. तिची बोटं काळी झाली. काशिनाथ उकिडवा बसून ओठ हलवत तिच्याबरोबर मोजत होता.

"छत्तीस. सदतीस. अडतीस." तार संपली.

तो तिथंच खाली बसला. "म्हंजे बोट खोटं न्हाई माझं," एवढंच म्हणाला आणि टोपीनं डोळे पुसले.

वैजूनं मोबाईलमध्ये बघितलं, मग वही काढून बघितली. दोन्हीकडं अडतीस. तिनं मान वर केली, तेव्हा तिची नजर खिळ्यावर गेली. त्याच जातीच्या मोटरच्या सहा कॉइली मी आदल्या दिवशी घालून, दोऱ्यानं बांधून तिथं अडकवल्या होत्या. तिनं एक काढली.

"ती आज बसवायची हाय," मी म्हणाले.

"परत घालू एक."

"तार वाया जाती."

"जाऊ दे."

दोरा तोडला. नवी तांबडी तार, तिच्या काळ्या बोटांत. एक, दोन, तीन. तेव्हाही मला बोलता आलं असतं. दहापाशी बोलता आलं असतं, वीसपाशी. रस्त्यापलीकडं मारुती त्याच्या पायरीवर येऊन उभा राहिलेला मला दिसत होता. त्याच्यासमोर पडतं घ्यायचं, ते मला जमलं नाही.

"छत्तीस. सदतीस. अडतीस."

तार संपली नव्हती. वैजू थांबली. उरलेल्या वेटोळ्याकडं बघत राहिली. मग तिनं आकडे म्हणायचे सोडले आणि एकेक फेरा काढत हळू आवाजात म्हणाली,

"चांगभलं."

"चांगभलं."

"चांगभलं."

"चांगभलं."

"चांगभलं."

तार संपली.

यांचा नेमच होता तो, आणि यांच्या आधी सासऱ्यांचा. वहीत लिहायचं ते पाच कमी करून. पाच नाथाचे, ते कागदावर यायचे नाहीत, तोंडातच राहायचे. वही चोरीला गेली तरी विद्या चोरीला जात नाही. ज्या मोटरला शंभरावर फेरे, तिथं पाच कमी पडले तर खपून जातं. जिथं चाळीसच्या आसपास, तिथं मोटर तापते आणि जळते.

काशिनाथ वाइंडर होता, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा उंबऱ्यावरच्या काळ्या तारेकडं. "आक्का," म्हणाला आणि टोपी परत डोक्यावर घातली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं मला.

"सगळ्यात पाच?" वैजूनं विचारलं.

"सगळ्यात."

"मी विचारलं होतं तुला."

"तुझ्या बापानं शपथ घातली हुती. घरातल्या माणसालाच सांगायचं."

"दादाला सांगितलंयस?"

"अजून न्हाई."

"मग मी कोण गं?"

"लेक," मी म्हणाले. "लेक जायाचीच आसती." तोंडातून निघून गेलं.

तिनं मान हलवली, गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून हलवावी तशी. तारेचे तुकडे गोळा केले. मोबाईल घेऊन मागच्या खोलीत गेली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. मी काशिनाथला चहा करून दिला. तो त्यानं घेतला, माझ्याकडं न बघता.

बाहेर आली तेव्हा म्हणाली, "आकडे सगळे बदलले. ग्रूपवर कळवलं, की वहीवरनं उतरवताना माझी चूक झाली, प्रत्येक आकड्यात पाच मिळवा, ज्यांच्या मोटारी जळल्या त्यांच्या मी भरून देईन." तिच्या हातात मोबाईल सारखा थरथरत होता, मेसेज येत होते. एक मी नंतर कुणाकडून तरी ऐकला: बाईमाणसानं भाकरी मोजाव्यात, फेरे मोजू नयेत. शे-पन्नास माणसांनी त्याला लाइकचा अंगठा दिला होता.

मग तिनं तारेची रिळं, फर्मा आणि तिची हत्यारं पिशवीत भरली.

"फर्मा कुठं न्हेतीस?"

"काशिनाथकाकांच्या गावाला. मोटर भरायला."

"कवा येशील?"

"बघू," ती म्हणाली.

काशिनाथच्या गावच्या देवळात बसून तिनं ती मोटर भरली. पाणी आलं. पुढं महिना दीड महिना ती गावोगाव फिरत होती, सतरा मोटारी तिनं भरून दिल्या असं म्हणतात. मग जतलाच दुकान टाकलं. पाटीवर यांचं नाव आहे, तातोबा रिवाइंडिंग. आमच्या दुकानाला मी नवा फर्मा करून घेतला, पण हाताला तो बसला नाही.

अधिकला मी फोनवर पाचाचं सांगितलं. सगळं, सासऱ्यांपासून. तो ऐकून घेऊन म्हणाला, "आई, आता जुनी मोटर कोण भरत बसतंय? लोक नवीच आणतात." मग थोडं थांबून म्हणाला, "वैजूच्या त्या तक्त्यावर तुझं नाव नाही आता. होतं ना आधी?"

मी म्हटलं, नसू दे. पोरीनं रागानं पुसलं आसंल. तिचा हक्क हाय.

वैजूचं पुढं लग्न झालं. दिवाळीला येते. पाया पडते, माझ्या गोळ्या नीट लावून जाते, नवऱ्याच्या, पोरीच्या गोष्टी सांगते. दुकानात पाऊल टाकत नाही. स्वयंपाकघरातून परस्पर मागच्या दारानं जाते.

नऊ वर्षं अशीच गेली. मागच्या पंचमीला दुपारी मारुती रस्ता ओलांडून आला. तीस अधिक नऊ वर्षांनी. काठी टेकत पायरीवर बसला.

"काय काम काडलंस?" मी म्हणाले. "वही आता मोबाईलवर हाय. चोरायला पायरी चडायची गरज न्हाई."

"तीच चोरी सांगायला आलोय, आक्का. दुकान बंद करतोय. डोळं गेलं." तो बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसला. "वही उतरवली तवा माझ्या सात मोटारी जळल्या. सातव्या मोटरला कळलं मला पाचाचं. फर्म्यावरचं तुमचं चांगभलं आठवलं."

"म्हंजे तुला ठाव हुतं."

"पोरीचा तक्ता आला त्या दिवशीच बघितला मी. पाच कमी. खाली तुमचं नाव. म्हटलं, आपण कशाला सांगा, आई सांगंल तिची. रोज हितनं तुमच्याकडं बघायचो, आज सांगतील, उद्या सांगतील." त्यानं नाक शिंकरलं. "तो माणूस पिशवी घिऊन आला तवाबी मी उभा हुतो. मला एक हाक मारता आली आसती."

रस्त्यावरून एसटी गेली. मी पदरानं पायरीवरचा धुरळा झटकला.

"तिनं माझं नाव पुसलं," मी म्हणाले. "बरं केलं."

मारुतीनं माझ्याकडं मान वळवली. "कवा पुसलं, ठाव हाय का तुमास्नी?"

"रागाच्या भरात आसंल कवातरी."

"मी मोबाईल धरूनच बसलो हुतो त्या दिवशी. आदी नाव गेलं, आक्का. तीनशे ऐंशी ठिकाणचं, एकेक करून. बाराच्या आत. तिथं सगळीकडं तिनं सोताचं घातलं, तपासलं, वैजयंता सुतार. आन् मग एक वाजता ग्रूपवर लिवलं, चूक माझी म्हणून. मेसेज वाचून लोक तक्ता उगडून बघणार, कुणी तपासलं हुतं म्हणून. बघितलं त्यांनी. तवा तिथं तुमी न्हवता."

तो उठला. खाली उतरताना म्हणाला, "शिव्या तिनं खाल्ल्या. निम्म्या माझ्या हुत्या. निम्म्या तुमच्या." आणि काठी टेकत रस्ता ओलांडून गेला.

त्या दिवशी मी दुकानातच बसून राहिले. माझ्या डोक्यात अजून एक मोटर होती, वहीत नसलेली. खडी फोडायच्या जुन्या मशीनची. यांनी आणि मी दोनदाच भरली होती. तिचे फेरे आता या जगात माझ्याखेरीज कुणाला माहीत नव्हते. मी वैजूला फोन लावला.

"काय आक्का, तब्येत बरी आहे ना?"

"बरी हाय. लिवून घे." मी मोटरचं नाव सांगितलं, ताकद सांगितली, तारेची जाडी सांगितली. "आन् फेरे चव्वेचाळीस."

तिच्या दुकानात मशीनचा दांडा फिरत होता, तो थांबला.

"ह्यात पाच धरलेत का?" तिनं विचारलं. आवाज मऊ होता, दवाखान्यात विचारतात तसा.

"धरल्यात."

"बरं. तशी मोटर आली की मी एकदा मोजून बघते."

"बघ," मी म्हणाले. "मोज तू."